रंग वाळण्याचे दिवसही मोजा

कलाव्यवसायासंबंधी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. या वेळी आलेली बरीचशी पत्रे एकाच अडचणीभोवती फिरत होती. काम हाती आहे, ते करण्याची पात्रताही आहे, तरी ठरलेल्या दिवशी ते पुरे होत नाही, ही ती अडचण. म्हणून या खेपेचे सदर केवळ याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गेली सात वर्षे तैलरंगांत व्यक्तिचित्रे करून देत आहे. अलीकडे एका संस्थेच्या समारंभासाठी तिच्या संस्थापकांचे व्यक्तिचित्र सहा आठवड्यांत देण्याचे मी कबूल केले. सहा आठवडे म्हणजे भरपूर वेळ, असे मला मनापासून वाटले होते. प्रत्यक्षात समारंभाच्या आदल्या रात्री दोन वाजता मी शेवटचा हात फिरवला, चित्र ओले असतानाच कागदात गुंडाळून पाठवले आणि पांढऱ्या केसांच्या जाड रंगाला तो कागद चिकटला. मी आळस केला नव्हता, रोज काम करत होतो. मग चूक कुठे झाली? आणि सर्जनशील कामाचे वेळापत्रक आधी आखता येते, असे आपल्याला खरोखर वाटते का?

उत्तर : आळस झाला नाही हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच आपल्या पत्राला सर्वांत सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मुदत चुकली की आपण कलावंत स्वतःच्या स्वभावाला दोष देतो, पुढच्या वेळी अधिक कष्ट करण्याचा निश्चय करतो आणि पुन्हा त्याच ठिकाणी येऊन पोहोचतो, कारण मुळात चूक कष्टांत नसून मोजणीत झालेली असते. आपण हात चालवण्याचे दिवस मोजले, परंतु हात बाजूला ठेवून थांबण्याचे दिवस मोजले नाहीत.

तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होत जाते, आणि या रासायनिक क्रियेला तिचा स्वतःचा वेळ लागतो. अंबरसारख्या मातकट रंगाचा पातळ थर एक ते तीन दिवसांत हाताला कोरडा लागतो, कारण त्यातले मँगनीज ही क्रिया जलद करते. टायटॅनियम पांढरा, कॅडमियमचे रंग आणि हस्तिदंती काळा यांना मात्र आठवडा किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. सुरीने किंवा भरगच्च कुंचल्याने लावलेला जाड थर तर वरून कोरडा वाटला तरी आत कित्येक आठवडे ओला राहतो. हवा थंड आणि दमट असेल तर हे सर्व आणखी लांबते. शेवटचे व्हार्निश परंपरेने सहा महिने ते एक वर्षाने द्यावे, असे जे सांगितले जाते ते याचसाठी. आपल्या चित्रातील पांढरे केस म्हणजे सर्वांत सावकाश वाळणाऱ्या रंगांपैकी एक रंग, सर्वांत जाड थरात आणि सर्वांत शेवटी लावलेला. कागद नेमका तिथेच चिकटावा, यात आश्चर्य नाही.

आता हेच काम समारंभाच्या दिवसापासून मागे मोजत येऊ. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. चित्र समारंभाच्या किमान दोन दिवस आधी जागेवर पोहोचायला हवे. चौकट करणाऱ्या कारागिराला पाच दिवस द्यायला हवेत, कारण त्याच्याकडे आपले एकच काम नसते. शेवटचा थर चौकटीत बसवण्याइतका आणि वाहतूक सोसण्याइतका वाळण्यासाठी १४ दिवस धरू, आणि तेही पांढरा रंग बेताने वापरला तर. उरले २१ दिवस. कॅनव्हास ताणून त्याला अस्तर देणे आणि ते वाळू देणे यासाठी तीन दिवस, छायाचित्रे मिळवून कच्चे रेखाटन करणे व त्याला संस्थेची संमती घेणे यासाठी चार दिवस. म्हणजे ४२ दिवसांपैकी आपल्या कुंचल्याच्या वाट्याला अवघे १४ दिवस येतात. हा आकडा आपल्याला काम स्वीकारण्याच्या दिवशीच माहीत असता, तर आपल्यापुढे अनेक वाटा मोकळ्या होत्या. आठ आठवड्यांची मुदत मागता आली असती. खालचे थर ॲक्रिलिकमध्ये करून वर तैलरंग देता आला असता (उलट क्रम मात्र कधीही करू नये). पातळ थर साधारण दिवसभरात वाळवणारे अल्किड माध्यम पहिल्या थरापासून वापरता आले असते. आदल्या रात्री यांपैकी एकही वाट शिल्लक राहिली नव्हती.

अल्किडविषयी एक इशारा द्यायलाच हवा. उमेदीच्या काळात मी एक मोठे चित्र नेहमीच्या तेलात जाडसर रंगवत आणले होते आणि दिवस कमी पडू लागताच वरचे थर जलद वाळणाऱ्या माध्यमात केले. चित्र वेळेवर गेले, सर्वांनी कौतुक केले, आणि दीड वर्षानंतर ज्यांच्याकडे ते होते त्यांनी मला भेगा पाहायला बोलावले. खालचा सावकाश वाळणारा थर आकुंचन पावत राहिला आणि आधीच कडक झालेला वरचा थर फाटला. त्या भिंतीसमोर उभे असताना मला जे वाटले ते कोणत्याही उशिरापेक्षा वाईट होते. मुदत पाळण्यासाठी चित्राचे आयुष्य खर्ची घालणे हा मार्ग नव्हे, आणि ही वेळ येऊ नये म्हणूनच आधी मोजायचे असते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भित्तिचित्रांच्या इतिहासात सापडते. ओल्या गिलाव्यावरील चित्रणात, ज्याला आपण फ्रेस्को म्हणतो, रंग चुन्याच्या ताज्या गिलाव्यात मुरावा लागतो आणि गिलावा काही तासांतच आवळतो. त्यामुळे चित्रकार सकाळी तेवढ्याच भागावर गिलावा घालून घेत असे जेवढा त्या दिवसात रंगवून होईल. या तुकड्याला इटालियन भाषेत जोर्नाता, म्हणजे एका दिवसाचे काम, असे नाव आहे. एखाद्या चेहऱ्याला स्वतंत्र दिवस मिळे, तर मोकळे आकाश एका दिवसात बरेच पुढे जाई. मायकेलअँजेलोने सिस्टाइन चॅपेलचे छत १५०८ ते १५१२ या काळात असेच तुकड्यातुकड्याने रंगवले, आणि त्याच्याही कामात सुरुवातीला गिलाव्यावर बुरशी येऊन अडथळा आला होता. लिओनार्दोला ही घाई मानवत नव्हती. त्याला थांबून, परत येऊन, पुन्हा हात फिरवण्याची मोकळीक हवी होती, म्हणून 'शेवटचे भोजन' हे चित्र त्याने कोरड्या भिंतीवर वेगळ्या पद्धतीने रंगवले आणि ते काही दशकांतच खराब होऊ लागले. या दोघांत अधिक सर्जनशील कोण, असा प्रश्न कुणी विचारणार नाही. सर्जनशील कामाचे दिवस मोजता येतात, एवढे मात्र त्या गिलाव्याच्या सांध्यांवरून आजही दिसते. कल्पना कधी सुचेल ते आपण ठरवू शकत नाही, हे खरे आहे, पण चेहऱ्याला किती बैठका लागतात हे सात वर्षांच्या अनुभवानंतर आपल्याला सांगता यायला हवे.

सांगता येत नसेल तर त्याचे कारण एवढेच, की आपण ते कधी लिहून ठेवलेले नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली नियोजनाच्या भ्रमाची कल्पना मांडली. आपण पुढच्या कामाचा अंदाज करताना त्या कामाचे मनातले चित्र पाहतो आणि तशाच मागच्या कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता याकडे पाहत नाही, असे तिचे सार आहे. १९९४ साली रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा आला. सर्व काही शक्य तितके बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर अंदाज ४८.६ दिवसांवर गेला. प्रत्यक्षात सरासरी ५५.५ दिवस लागले. सर्वांत निराशावादी अंदाजही अपुरा पडला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्यापैकी बरेच जण मनातल्या आकड्यात 'थोडे वाढवून' सुरक्षित झालो असे समजतात.

म्हणून येत्या तीन महिन्यांत एक वही ठेवावी. प्रत्येक कामापुढे रेखाटन, पहिला थर, चेहरा, हात, वस्त्रे, पार्श्वभूमी आणि शेवटच्या दुरुस्त्या यांचे तास स्वतंत्र लिहावेत, आणि ज्या दिवशी केवळ रंग वाळण्याची वाट पाहिली तो दिवसही तसाच नोंदवावा. पुढचे काम स्वीकारताना त्या वहीतील सर्वांत चांगला आकडा घेऊ नये. बहुतेक कामे जेवढ्या वेळात झाली तो आकडा घ्यावा. मला स्वतःला या वहीने एक गोष्ट शिकवली जी मी कधी मानली नसती : माझा सर्वाधिक वेळ चेहऱ्यावर जात नव्हता, हातांच्या बोटांवर जात होता. तेव्हापासून बोटे स्पष्ट दिसणारी बैठक कुणी मागितली, की मी मुदतीत तीन दिवस जास्त मागतो.

प्रश्न : मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. मी माझ्या बाजूने वेळ पाळते, परंतु कच्ची रेखाटने पाठवल्यानंतर प्रकाशनाकडून दोन-तीन आठवडे उत्तरच येत नाही, आणि नंतर छपाईची तारीख मात्र तीच राहते. शेवटी रात्री जागून पाने पुरी करावी लागतात. सध्याच्या पुस्तकात तर रंगीत चित्रे झाल्यावर मजकूर बदलला गेला. दुसऱ्याच्या उशिराचे नियोजन आपण कसे करायचे?

उत्तर : दुसऱ्याचा उशीर आपल्याला टाळता येत नाही, पण तो कुणाच्या खात्यात जमा होईल हे आधी ठरवता येते. आपल्या पत्रावरून असे दिसते की वेळापत्रकात केवळ आपल्या कामांच्या तारखा आहेत, आणि प्रकाशनाच्या कामांना तारीखच दिलेली नाही. ज्या कामाला तारीख नाही त्याला उशीर झाला असे कुणी म्हणू शकत नाही, आणि म्हणून तो सगळा उशीर मुकाट्याने आपल्या दिवसांतून वजा होतो.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी कामाच्या पत्रातच दोन्ही बाजूंच्या तारखा एकाखाली एक लिहाव्यात. अंतिम मजकूर कोणत्या दिवशी मिळेल, छोट्या आकारातील पानांचा आराखडा आपण कधी देणार, त्यावर अभिप्राय कधी येणार, पेन्सिलची रेखाटने कधी, त्यांची संमती कधी, रंगीत चित्रे किती हप्त्यांत, आणि प्रत्येक हप्त्यावरचा अभिप्राय किती दिवसांत, असा तो क्रम असावा. त्याखाली एक स्पष्ट वाक्य असावे : अभिप्राय ठरलेल्या दिवसानंतर जितके दिवस उशिरा येईल, तितके दिवस अंतिम तारीख पुढे जाईल. हे वाक्य लिहिताना संकोच वाटतो, हे मला माहीत आहे, विशेषतः काम नवे असेल तेव्हा. परंतु माझा अनुभव असा आहे की संपादक या वाक्याने दुखावत नाहीत. उलट अनेकांना त्याची मदतच होते, कारण आपल्याच कार्यालयातील ज्येष्ठांकडून वेळेत संमती मिळवण्यासाठी त्यांच्या हाती एक लेखी तारीख येते.

चित्रांच्या पुस्तकात पाने बहुधा ३२ असतात, कारण छपाईचा मोठा कागद दुमडल्यावर पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत निघतात. याचा आपल्या नियोजनाशी थेट संबंध आहे. मजकूर दोन ओळींनी वाढला म्हणून एखादे पान वाढवता येत नाही, आहे त्याच पानांत सर्व काही सरकवावे लागते, आणि एका पानावरचा बदल शेजारच्या तीन पानांपर्यंत पोहोचतो. म्हणून अंतिम मजकूर हाती येईपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, हा नियम मी कितीही घाई असली तरी मोडू नये, असे म्हणेन. आराखड्यात बदल करायला दहा मिनिटे लागतात, पेन्सिलच्या रेखाटनात तासभर आणि रंगीत चित्रात दोन दिवस. बदल कुठल्या टप्प्यावर किती वेळा करून दिला जाईल, हेही कामाच्या पत्रात असावे. रेखाटनाच्या टप्प्यावर दोन फेऱ्या, रंगीत चित्रात एक लहान दुरुस्ती आणि त्यापुढील प्रत्येक बदलाचे वेगळे मानधन व वेगळे दिवस, असा प्रघात मला न्याय्य वाटतो.

अभिप्रायाची वाट पाहण्याचे दिवस रिकामे जाऊ नयेत, म्हणून सर्व पाने एकदम पाठवण्याऐवजी ती तीन गटांत पाठवावीत. पहिला गट त्यांच्याकडे असताना दुसऱ्या गटाचे काम चालू राहते. पहिल्या गटात मुख्य पात्रे आणि सर्वांत अवघड दृश्य अवश्य असावे, म्हणजे पात्राचा चेहराच पसंत नाही हे पंधराव्या पानावर कळणार नाही. एक रंगीत पान अगदी सुरुवातीला छपाईच्या कागदावर काढून पाहावे. पडद्यावरचा लखलखीत निळा आणि हिरवा चार शाईंच्या छपाईत मंदावतो, आणि ही गोष्ट शेवटच्या आठवड्यात लक्षात आली तर सगळीच पाने पुन्हा उघडावी लागतात.

सध्याच्या पुस्तकाबाबत मात्र आजच संपादकांना लिहावे. बदललेल्या मजकुरामुळे कोणती पाने नव्याने करावी लागतील आणि त्यांना किती दिवस लागतील, एवढेच त्यात नोंदवावे. तक्रारीचा सूर नको, आणि क्षमायाचनेचाही नको.

प्रश्न : मी नोकरी सांभाळून चित्रे काढते. नऊ महिन्यांनंतर माझे पहिले एकल प्रदर्शन आहे. दालनाच्या मानाने वीस चित्रे लागतील. मला संध्याकाळी दोन तास असे आठवड्यातून चार दिवस आणि सुटीच्या दिवशी सहा तास मिळतात. मध्यम आकाराच्या एका तैलचित्राला मला साधारण २६ तास लागतात. हे जमेल का?

उत्तर : आपण तास मोजून ठेवले आहेत, याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. त्यामुळे मला अंदाजाने नव्हे, हिशेबाने उत्तर देता येते.

नऊ महिने म्हणजे सुमारे ३९ आठवडे. शेवटचे सहा आठवडे चित्रे काढण्यासाठी धरू नयेत. त्या काळात शेवटची चित्रे वाळायची आहेत, सर्व चित्रांची छायाचित्रे घ्यायची आहेत, निमंत्रणपत्रिका आणि सूचिपत्रक छापायचे आहे, चौकटी करायच्या आहेत, चित्रांची नावे, मापे आणि किमती यांची यादी करायची आहे आणि चित्रे दालनात नेऊन टांगायची आहेत. उरले ३३ आठवडे. त्यांपैकी पाच आठवडे आजारपण, घरातील प्रसंग आणि कार्यालयातील जादा कामाचा काळ यांत जातील, असे आत्ताच धरून चालावे. राहिले २८. आठवड्याचे १४ तास धरले, तर हाती ३९२ तास येतात, आणि २६ तासांच्या हिशेबाने त्यांत १५ चित्रे होतात. सहा-सात चित्रांमागे एखादे मनासारखे उतरत नाही, हा बहुतेकांचा अनुभव आहे. तेव्हा भिंतीवर लावण्याजोगी १३ चित्रे मिळतील.

वीस चित्रे जमणार नाहीत, हे आज कळणे ही चांगली गोष्ट आहे. आज आपण दालनाच्या व्यवस्थापकांशी बोलून कमी भिंती मागू शकता, दोन मोठी चित्रे करून जागा भरू शकता, किंवा १३ तैलचित्रांबरोबर सात-आठ कागदावरची रेखाटने लावू शकता. मला शेवटचा पर्याय सर्वांत आवडतो. चित्रामागची रेखाटने पाहायला मिळाली की प्रेक्षक चित्रासमोर अधिक वेळ थांबतात, आणि ती रेखाटने बहुधा आपल्याकडे आधीच असतील. जे करू नये तेही सांगतो. संध्याकाळचे दोन तास चार करून हा फरक भरून काढण्याचा विचार सोडून द्यावा. दिवसभराच्या नोकरीनंतरचा तिसरा आणि चौथा तास पहिल्या दोन तासांसारखा नसतो, आणि त्या तासांत केलेले काम पुसण्यातच पुढची संध्याकाळ जाते.

एका वेळी तीन कॅनव्हास चालू ठेवावेत. पहिल्याचा थर वाळत असताना दुसऱ्यावर काम करता येते, आणि तिसरा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला असावा, म्हणजे आठवड्याने तो ताज्या नजरेने पाहता येतो. संध्याकाळच्या दोन तासांत मांडामांड आणि आवराआवर यांतच अर्धा तास जातो. म्हणून शक्य असेल तर रंगफलक झाकून ठेवण्याची सोय करावी, आणि उठण्यापूर्वी उद्या नेमके कोणत्या भागापासून सुरुवात करायची हे एका ओळीत लिहून कॅनव्हासच्या मागे चिकटवावे. मोठे निर्णय, म्हणजे रचना, रंगसंगती आणि पुसून पुन्हा करणे, सुटीच्या दिवसासाठी राखावेत.

प्रश्न : मुदत जवळ आल्याशिवाय माझा हात चालत नाही. शेवटच्या तीन दिवसांत मात्र मी उत्तम काम करतो. मग आधीपासून नियोजन करून काय साधणार?

उत्तर : शेवटच्या तीन दिवसांत आपला हात चालतो, कारण त्या वेळी निवडीला वाव उरलेला नसतो. पाच रंगसंगतींपैकी एक घ्यावीच लागते आणि ती घेतली की काम सुटते. हा निर्णय आधीही घेता येतो, पण त्यासाठी खरी तारीख लागते. डॅन एरिएली आणि क्लाउस वर्टेनब्रोख यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुद्रितशोधनासारखी तीन कामे काही जणांना दर आठवड्याला एक अशा ठरवून दिलेल्या मुदतींनी दिली, काहींना स्वतः मुदती ठरवू दिल्या, आणि काहींना तिन्ही कामांसाठी शेवटची एकच मुदत दिली. ठरवून दिलेल्या, समान अंतराच्या मुदतींचे काम सर्वांत चांगले झाले, स्वतः ठरवलेल्या मुदतींचे त्याखालोखाल, आणि शेवटच्या एकाच मुदतीचे सर्वांत कमी प्रतीचे. म्हणून मधल्या तारखा मनात न ठेवता दुसऱ्या माणसाच्या स्वाधीन कराव्यात. ग्राहकाला दहाव्या दिवशी रंगीत कच्चा आराखडा दाखवण्याचे वचन द्यावे, किंवा एखाद्या चित्रकार मित्राला त्या दिवशी कामाच्या जागी बोलवावे. आपले शेवटचे तीन दिवस उत्तम असतात, हे मी नाकारत नाही. परंतु त्या तीन दिवसांत ताप आला, तर काय उरते, याचा विचार आपण केला असेलच.

प्रश्न : माझी मुदत तीन आठवड्यांपूर्वीच उलटून गेली आहे. एका कुटुंबाने त्यांच्या घरासाठी मोठे चित्र सांगितले होते आणि मी आगाऊ रक्कमही घेतली होती. चित्र अर्ध्यावर आहे. त्यांचा फोन आला की छातीत धडधडते आणि मी तो उचलत नाही. पहिल्या आठवड्यात 'दोन दिवसांत देते' असे दोनदा कळवले होते. आता कोणत्या तोंडाने बोलू?

उत्तर : आपल्या पत्रातील भीती मी ओळखतो, आणि ती बाळगून चित्रासमोर बसले की हात चालत नाही, हेही ओळखतो. म्हणून आधी फोन करावा आणि मग चित्राकडे वळावे. या दोन गोष्टींचा क्रम उलटा ठेवला, म्हणजे 'चित्र पुरे करूनच तोंड दाखवीन' असे ठरवले, तर दोन्ही गोष्टी होत नाहीत.

उशीर होणारे आपण पहिले कलावंत नाही. आल्ब्रेख्त ड्यूररने याकोब हेलर या व्यापाऱ्यासाठी १५०७ ते १५०९ या काळात एक मोठे वेदीचित्र केले. त्या कामाचा वेळ आणि मोबदला यांवरून दोघांत बरीच ओढाताण झाली, आणि ड्यूररने हेलरला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. त्यांत तक्रार आहे, वाढीव मानधनाची मागणी आहे, काम किती काळजीने चालले आहे याचे वर्णन आहे. नाते ताणले गेले, पण पत्रे थांबली नाहीत आणि चित्र पोहोचले. याउलट लिओनार्दो आणि त्याचे दोन सहकारी यांनी 'शिळांमधील माता' या चित्रासाठी एप्रिल १४८३ मध्ये करार केला, चित्र त्याच वर्षीच्या ८ डिसेंबरच्या उत्सवाला हवे होते, आणि मोबदल्यावरून निर्माण झालेला वाद पुरता मिटेपर्यंत १५०८ साल उजाडले.

फोन करण्यापूर्वी एक तास बसून उरलेले काम भागाभागाने लिहून काढावे. प्रत्येक भागाचे तास, वाळण्याचे दिवस आणि नेण्याआणण्याचे दिवस मिळवून जी तारीख येईल तिच्यात एक आठवडा वाढवावा आणि तीच तारीख सांगावी. आता 'दोन दिवस' हा शब्द उच्चारू नये. आपण दोनदा दिलेल्या त्या वचनांनी मूळ उशिरापेक्षा अधिक नुकसान केले आहे, हे स्पष्टपणे सांगणे मला भाग आहे. लोक महिनाभर थांबायला तयार होतात, पण तिसऱ्यांदा दोन दिवस थांबायला कुणी तयार होत नाही. एखाद्या विशिष्ट दिवसासाठी चित्र हवे होते का, हेही विचारावे, कारण तो दिवस निघून गेला असेल तर त्यांना आता चित्र नकोही असू शकते, आणि तसे म्हणण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. कारणे थोडक्यात आणि खरी सांगावीत. आजारपण नव्हते तर आजारपण सांगू नये.

आवाज थरथरेल अशी भीती वाटत असेल, तर आधी निरोप लिहून पाठवावा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फोन करावा. निरोपाचा मसुदा देत आहे, तो आपल्या शब्दांत बदलून घ्यावा :

'नमस्कार. आपले चित्र ठरलेल्या तारखेला मी देऊ शकले नाही, आणि त्यानंतर आपले फोनही घेतले नाहीत, याबद्दल मी आपली क्षमा मागते. कामाला किती वेळ लागेल याचा माझा अंदाज चुकला. चित्राचा अर्धा भाग झाला असून त्याचे आजचे छायाचित्र सोबत पाठवत आहे. उरलेल्या कामाचा आणि रंग वाळण्याचा पूर्ण हिशेब करून पुढील महिन्याची २० तारीख मी निश्चित केली आहे. मधल्या काळात दर शनिवारी मी चित्राचे छायाचित्र आपल्याला पाठवीन. इतके थांबणे आपल्याला शक्य नसेल, तर आगाऊ घेतलेली रक्कम मी परत करीन. आज संध्याकाळी सात वाजता मी आपल्याला फोन करते.'